अकरावं मेंढरू

"साहेब, मी आता जे सांगणार हाय ना, ते कुणाला खरं वाटायचं न्हाई," ज्योतिबा म्हणाला आणि पटक्याचा सुटलेला शेमला खोचत बाजेवर मांडी घालून बसला. "बिरोबाच्यान न्हाई वाटायचं. मला सोताला कवाकवा वाटत न्हाई."

"मग साहेबांनी लिहून तरी कशापायी घ्यायचं?" माजी सरपंच सर्जेराव म्हणाले. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, पण चहा येईपर्यंत त्यांचा अर्धा डोळा मिटलेलाच होता. "साहेब, हा गडी जे सांगंल त्याला धानं भागा. ह्यानं भीमेच्या पुरात मेंढ्याच्या पाठीवर हुभं राहून तीनशे मेंढरं पैलाड नेल्यात."

"साडेतीनशे," ज्योतिबा म्हणाला.

भीमाकाठच्या मांडवगण फराट्यात हे नेहमीचंच. ज्योतिबानं एक ठोकून द्यायची, कुणीतरी तिची साल काढायची, आणि ज्योतिबानं त्यावर आणखी एक थर चढवायचा. सत्तरी उलटली तरी त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आज मात्र सकाळपासून ती टाळूला चिकटत होती.

समोर खुर्चीवर सत्यजीत साहेब बसले होते. तिशीचा माणूस, कुरकुंभच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर. मांडीवर फाईल, फाईलीत एकच प्रश्न : डब्यातलं सोडियम प्लांटमधून बाहेर कुणी नेलं? ज्योतिबाचा मुलगा मल्हार त्याच प्लांटला ऑपरेटर. उद्या कंपनीत चौकशी बसणार होती. नाव मल्हारचं निघालं, तर नोकरी जाणार आणि वर चोरीचा गुन्हा. मल्हार अंगणातल्या लिंबाला टेकून उभा होता. आठ दिवस तो घरी होता आणि आठ दिवसांत आठ शब्द बोलला नव्हता.

झालं होतं ते असं. घट बसायच्या आदल्या दिवशी मल्हारची बायको म्हाळसा देव उजळायला बसली होती. धनगराच्या देव्हाऱ्यात टाक असतात : चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, बिरोबा, आणि त्यांच्या पंगतीला घरातली गेलेली माणसं. ज्योतिबाची बायको रंभा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिचा टाक काही देव्हाऱ्यात आला नव्हता. म्हाळसानं विषय काढला की ज्योतिबा म्हणायचा, "चांदी हाय गं माझ्यापाशी. घरातच हाय, डब्यात. सोनार गावला की ठोकून घेऊ." त्या दिवशी माळा झाडताना म्हाळसाला कोपऱ्यात तुपाचा जुना डबा सापडला. तळाला जरासं रॉकेल, त्यात लिंबाएवढा करडा खडा. तिनं विळीच्या टोकानं खरवडला, तर आत लखलखीत पांढरं. तिला वाटलं, हीच ती सासूच्या, आत्याबाईंच्या टाकाची चांदी, काळी पडलीय. देवांबरोबर तीही उजळावी म्हणून तिनं खडा घंगाळातल्या पाण्यात टाकला.

घंगाळ फाटलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि दोन्ही डोळ्यांत ते जळजळीत पाणी गेलं. दौंडच्या दवाखान्यात ज्योतिबा तिच्या उशाशी गेला, तेव्हा पट्ट्या बांधलेल्या तोंडानं ती पहिलं वाक्य बोलली ते हे : "मामंजी, आत्याबाईंची चांदी माझ्या हातनं गेली वो."

ज्योतिबा तिच्या अंगावरची चादर सारखी करून बाहेर आला होता.

काल तिला घरी आणलं. डावा डोळा वाचला होता, पण त्यानं अजून धुरकटच दिसत होतं. उजव्याचं डॉक्टर शुक्रवारी सांगणार होते. ती आत भिंतीला टेकून बसली होती आणि तिची मुलगी, बारावी सायन्सची अंकिता, उंबऱ्यावर थेंबाची बाटली हातात धरून. दर दोन तासांनी थेंब. मधल्या वेळात ती आजोबांकडं बघत राहायची. नुसती बघत राहायची.

"आबा," सत्यजीत साहेब म्हणाले, "डबा कुठून आला, एवढंच सांगा. मला बाकी काही नको."

"सांगतो की. पण डब्यात काय व्हतं ते कळल्याबगर डबा कसा कळंल? मी बी चौदा वर्षं तुमच्याच कंपनीत हेल्पर व्हतो साहेब, ठेकेदाराकडनं. तवा लॅबमधी अनुपमा मॅडम व्हत्या. म्या त्यास्नी म्हनलं, मॅडम, ह्या मालाला पाण्याची एवढी कसली खार? त्यांनी पुठ्ठ्यावर वर्तुळं काढली. एकात एक. म्या म्हनलं, मॅडम, हे तर आमचं वाघूर हाय!"

"वाघूर म्हणजे?"

"रानात मेंढरं बसवायला जाळी लावत्यात ती," सर्जेराव डोळे न उघडता म्हणाले. "आता आर्धा तास गेला समजा."

"ह्यो तुमचा अणू," ज्योतिबानं अंगणाकडं हात फिरवला आणि सवयीनं त्याचा आवाज चढला. "तीस एकराचं रान धरा. मधोमध ज्वारीचा एक दाणा. बाकी समदं मोकळं, शिरूरच्या माळागत. वजन जेवढं काय हाय, ते त्या दाण्यात. त्यात अकरा प्रोटॉन आन् बारा न्यूट्रॉन दाबून बसवल्यात. अकरा प्रोटॉन, म्हणून सोडियम. एक कमी केला तर निऑन, एक वाढवला तर मॅग्नेशियम. तिथं जात-कुळी कोण इचारत न्हाई साहेब, आकडा दावायचा आन् नाव घ्यायचं."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. हसू आवरायचा प्रयत्न त्यांनी केला, पण जमला नाही.

"आता मधी अकरा, तर भवती मेंढरं बी अकरा. इलेक्ट्रॉन. पयल्या वाघरात दोनच मावत्यात. दुसऱ्यात आठ. झाली धा. ऱ्हायलं एक. ते तिसऱ्या वाघरात, एकटं. कळपातलं एकटं पडलेलं मेंढरू कवा गप बसलंय का? समदा घोर त्याचाच. तिकडं क्लोरीनच्या भायेरच्या वाघरात सात असत्यात, एकाची जागा मोकळी. हे तिकडं गेलं की हिकडं बी शांत, तिकडं बी शांत. झालं मीठ. आपल्या कोरड्यासात, भाजीत घालतो ते. पण पाणी दिसलं की आवरत न्हाई ते. पळत सुटतं, पाण्यातनं हायड्रोजन उधळतं आन् जाळ काढतं. म्हणून त्याला रॉकेलात बुडवून ठेवायचं. रॉकेल त्याला बोलवत बी न्हाई आन् हाकलत बी न्हाई."

सर्जेरावांनी डोळे उघडले होते. "च्यायला, हे खरं हाय का साहेब?"

"अगदी. कॉलेजात मला कुणी असं शिकवलं असतं तर!" साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "आता डबा."

खरी गोष्ट चार वाक्यांची होती. कामावरचा शेवटचा दिवस. ठेकेदारानं शाल तर राहू द्या, नारळही दिला नाही. ज्योतिबानं जेवणाच्या डब्यात रॉकेल ओतलं आणि एक खडा त्यात सोडून गेटबाहेर आणला. घरी आल्यावर तो तुपाच्या डब्यात ठेवला, कारण बाकी साऱ्या गोष्टींना पुरावा नव्हता आणि ह्या एका गोष्टीला तरी हवा होता.

त्या पुराव्याचा मुगाएवढा तुकडा त्यानं एकदाच कापला होता. सात वर्षांच्या अंकिताला लांब उभी करून तो मेंढरांच्या कुंडीत टाकला होता. तुकडा पाण्यावर फुर्र करत नाचला, पिवळा जाळ काढून विझला, आणि पोरगी टाळ्या पिटत म्हणाली होती, "आबा, अकरावं मेंढरू!" कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यानं तिला बिरोबाची शपथ घातली होती. पुढं रेशनचं रॉकेल बंद झालं आणि डबाही विस्मरणात गेला. चांदी मात्र कधीच नव्हती. टाकाची टाळाटाळ करायला त्यानं ती जिभेवर घडवली होती. ती थाप नसती, तर म्हाळसानं तो खडा हातातही धरला नसता.

चोरी केली म्हणायला त्याची एक वेळ तयारी होती. म्हाताऱ्याला कोण फासावर देतंय! पण ते सांगितलं की पुढचं वाक्य चांदीचं होतं, आणि ते ऐकायला म्हाळसा आत बसली होती.

"साहेबांना चा दिला का?" आतून तिचाच आवाज आला. "आन् साहेब, लिवून घ्या, आमच्या ह्यांचा काय दोष न्हाई. मीच चांदी म्हणून पाण्यात टाकलं."

"चांदी?" साहेबांनी मान वर केली. "चांदीचं काय?"

"काय न्हाई वो, बाईमाणूस, तापात बडबडतंय," ज्योतिबा घाईनं म्हणाला. आणि मग त्याची जीभ वाट फुटेल तिकडं धावली. "डबा पुरात आला, साहेब. मागं मोठा पूर आलता बघा, भीमा पार देवळाच्या पायरीला लागली व्हती. पाणी उतारल्यावर मी काठाला गेलो, तर बाभळीच्या काटवणात डबा अडकलेला."

मल्हारनं डोळे मिटून घेतले. हीच गोष्ट बापानं त्यालाही परवा सांगितली होती.

साहेब लिहायला लागले. "पुरात वाहून आला. बरं. डबा बंद होता ना? झाकण घट्ट?"

एवढं 'व्हय' म्हणून ज्योतिबा सुटला असता. झाकण घट्ट, आत रॉकेल, संपली गोष्ट. पण सर्जेराव हसले. "पुरात डबा घावला, आन् ह्यानं नुसता डबाच घरी आणला? काय तरी आणखी आसंल त्यात!" आणि उभा जन्म ज्या हाकेला ज्योतिबा ओ देत आला होता, तिला तो आजही चुकला नाही.

"झाकण कुठलं घट्ट! झाकण कवाच नदीला गेलतं. काठोकाठ पाणी, खाली गाळ, आन् गाळात हा खडा, चिंबोरीगत दडून बसलेला. म्हैनाभर तरी पाण्यात आसंल. वर एक चिलापी मासा, जित्ता! शेपूट हालवत माझ्याकडं बघतोय. म्या मासा सोडला नदीत, पाणी दिलं ओतून आन् डबा आणला घरी. म्हनलं, ऱ्हाऊ दे, मोडीत जाईल."

सर्जेराव मांडीवर थाप मारून हसले. हसणारे ते एकटेच होते.

सत्यजीत साहेबांनी लिहिलेल्या ओळीवर सावकाश एक आडवी रेघ मारली. पेनला टोपण लावलं. मघाचं हसू त्यांच्या तोंडावरून पुसलं गेलं होतं आणि ते आता ज्योतिबाकडं बघतही नव्हते.

"मल्हार," ते म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. पण एवढ्या वयाच्या माणसाला तुम्ही असलं बोलायला लावायला नको होतं. मुलाला वाचवायला बाप काहीही बोलेल. मी समजायचं ते समजलो. आता उद्याच्या चौकशीच्या नोटिशीवर इथं सही करा. जे काय म्हणायचं ते उद्या कमिटीपुढं म्हणा."

ज्योतिबा बाजेवरून अर्धवट उठला. मल्हार लिंबापासून निघाला, बाजेपाशी आला, बापाकडं न बघता त्यानं पेन हातात घेतलं आणि कागदावर वाकला.

"पप्पा, थांबा."

अंकिता उंबऱ्यावरून उठली होती. बाटली तिनं मुठीत घट्ट आवळली होती.

"अंके, आत जा," मल्हार म्हणाला. "आईला थेंब घाल."

"घातल्यात. आबा, म्हैनाभर पाण्यात व्हतं म्हणता? अकरावं मेंढरू? आन् गाळात, तळाला?"

ज्योतिबा डोळ्यांनी तिला काहीतरी विनवत होता. काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मला कुणी शिकवलं, की पाणी दिसलं की ते थांबत न्हाई? तुमच्या डब्यात पाणी असतं तर खडा न्हाई आन् डबा बी न्हाई. आन् ते तळाला जातंच न्हाई, आबा. पाण्यावर तरंगतं. मी बघितलंय. आपल्या मेंढरांच्या कुंडीत नाचताना बघितलंय." ती साहेबांकडं वळली. "तवा मी सात वर्षांची व्हते, साहेब. बिरोबाची शपथ व्हती म्हणून गप ऱ्हायले. वाटलं, आबा सोता सांगत्याल. मी सात वर्षांची असताना पप्पा कंपनीत लागलेसुदीक नव्हते, उसाच्या ट्रॅक्टरवर व्हते. तुमच्या रजिस्टरला बघा."

मल्हारच्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकलं होतं. आतमध्ये बांगड्या वाजल्या. म्हाळसा भिंतीला धरून, चाचपडत दाराशी आली आणि डोळ्यावरची पट्टी सासऱ्याच्या दिशेनं वळवून उभी राहिली.

"मामंजी," तिनं हळू विचारलं, "मग आत्याबाईंची चांदी?"

ज्योतिबानं पटका काढून मांडीवर ठेवला. "हाय की," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. "ती दुसऱ्या डब्यात हाय."

"खोटं," अंकिता म्हणाली. "आबा, खोटं बोलताय तुम्ही."