पुढची माहिती अर्ध्या तासात

राखेवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. दोन समुद्रांपलीकडचा एक डोंगर फुटला, राख आभाळात चढली आणि वाऱ्यानं ती आमच्या डोक्यावर आणून ठेवली. डोंगराला काय कळतंय! माझा राग माणसांवर आहे, आणि त्या माणसांत मीही आले.

मी विमानतळावर घोषणा करते. काचेची खोली, एक माइक आणि साहेबांकडून येणारे कागद, एवढाच माझा संसार. माइक खरखरतो म्हणून फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. कागदावर असेल ते गोड आवाजात वाचायचं.

त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, त्यामुळे प्रवासी जास्तच भडकले होते. आभाळ स्वच्छ आणि विमानं बंद, ही काय थट्टा? राख डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनात गेली की वितळून चिकटून बसते आणि इंजिन बंद पडतं, एवढं साधं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. राखेचा नकाशा हवामान खात्याकडून दर सहा तासांनी येतो. सकाळी दहाचा आला तेव्हा आमचं शहर लाल रेघेच्या आत होतं. पुढचा नकाशा चारला. तोवर एकही विमान हलणार नाही, हे आमच्याकडे झाडणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं.

साहेबांचा कागद मात्र आला, ‘विमानाला उशीर होत आहे. पुढची माहिती अर्ध्या तासात.’

ही आमच्याकडची जुनी रीत. सहा तास म्हटलं की लोक उठतात, काउंटरवर धावून येतात, जाब विचारतात. अर्धा तास म्हटलं की मुकाट बसून राहतात. मी तो कागद दहाला वाचला, साडेदहाला वाचला, अकराला, साडेअकराला, बाराला, साडेबाराला वाचला. लाज वाटली नाही. सवय झाली होती.

माझी थोरली बहीण त्याच विमानानं जाणार होती. संध्याकाळी सहाला आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी दोघींपैकी एकीचं तोंड दिसू दे, एवढंच तिनं मागितलं होतं. मला रजा मिळाली नाही, म्हणून ताई निघाली. विमानानं तासाचं अंतर. साडेबाराची रेल्वे पकडली तरी पाचपर्यंत पोचता आलं असतं. म्हणून मी निर्धास्त होते. आमचा अर्धा तास म्हणजे नुसती बोळवण असते, हे मी घरी शंभरदा हसत सांगितलं होतं. ताईनं पहिल्याच घोषणेला ओळखलं असेल आणि स्टेशन गाठलं असेल, असं मी धरून चालले.

एक वाजता जेवायला बाहेर पडले, तर तीन नंबरच्या दारापाशी ताई बसलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

“अगं, तू अजून इथंच? रेल्वेनं का नाही गेलीस?”

“कशाला? अर्ध्या तासात कळणार आहे ना?”

“ताई, मी घरी किती वेळा सांगितलंय तुला!”

“ते इतरांसाठी असेल गं. मी इथं बसलेय, हे तुला ठाऊक होतं. मला वाटलं, आज तरी तू खरं बोलत असशील.”

मी घड्याळ पाहिलं. दीडची बस होती, पण ती साडेसातच्या आत पोचत नाही. तरी ताईला तिकडे पळवलं आणि तशीच साहेबांकडे गेले. ते डबा खात होते.

“साहेब, चारपर्यंत काही उडत नाही. सांगून टाकू या लोकांना.”

“बाई, तुम्ही फक्त वाचायचं. विचार करायला आम्ही आहोत.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खोलीत आले, दाराला आतून कडी घातली आणि माइक सुरू केला. “चार वाजेपर्यंत एकही विमान सुटणार नाही. आम्हाला हे सकाळी दहापासून माहीत आहे. ज्यांना दुसरी सोय करता येईल, त्यांनी आत्ता निघावं. दीडची बस अजून उभी आहे.” अख्खं दालन उठलं. साहेब काचेवर थापा मारत राहिले. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी माझं ओळखपत्र काढून घेतलं. चारच्या नकाशात लाल रेघ होती तिथंच होती.

साडेपाचला आईला फोन लावला.

“आत न्यायला आलेत गं,” आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “ताई कुठवर आली?”

ताईची बस अजून दोन तासांवर होती. दुपारी शेकडो अनोळखी माणसांना मी खरं सांगितलं होतं. आताही तेच सांगायला तोंड उघडलं, आणि निघाला तो माझा रोजचा गोड आवाज.

“अर्ध्या तासात पोचेल, आई.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. मग फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगू लागली, “सिस्टर, अर्धाच तास थांबा हो. माझी थोरली येतेय.”