स्वयंपाकघरातलं हाड

स्वयंपाकघराच्या दारात तीस-चाळीस माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावत होती. आत फरशी उखडलेली आणि खड्ड्यापाशी मातीबाबा, झग्याच्या लांब बाह्या मातीत बुडवून.

"माती बोलते, माउली! या घरात लेकरं का आजारी पडतात, ते मातीच सांगेल!"

माती कशाला बोलेल? तिला बाबासारखं पोट थोडंच भरायचंय!

त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. उघडले, तर त्याच्या हातात तळहाताएवढं हाड.

"तान्ह्या बाळाची मांडी! थोरल्या सुनेनं स्वतःच त्याचा गळा दाबून पुरलंय."

थोरलीचं बाळ नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यात तापानं गेलं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी सासू किंचाळली, "आत्ताच्या आत्ता चालती हो, कैदाशिणी!" नवरा भिंतीकडे बघत राहिला. बाळाचं नाव निघताच भान हरपलेली थोरली ते हाड छातीशी धरून रडत होती.

मी शेजारीण, दवाखान्यात एक्स-रे काढते. तिच्याकडून हाड हातात घेतलं, तर बोटांना चरबी लागली. नऊ वर्षं टिकलेली चरबी! गर्दीतल्या खाटीकदादांना हाक मारली, "ओळखता का हे?"

"रोज तोडतो की, ताई. बोकडाची नळी, खुराच्या वरची. खाली ही दोन गोल टोकं, दोन खुरांसाठी."

"बरोबर. माणूस काय, बोकड काय, दोघंही आईच्या दुधावर वाढणारे, म्हणून हाडं वरवर सारखी. पण आपल्या तळपायात पाच सुटी लांब हाडं असतात. बोकडाची दोन जुळून ही एक नळी होते. शिवाय तान्ह्याच्या हाडांची टोकं मऊ कूर्चेची, ती मातीत केव्हाच विरली असती. सांगा बाबा, कुठल्या बाळाला खुरं असतात?"

बाबा उठायला लागला. खाटीकदादांनी त्याची बाही धरून झटकली. आतल्या खिशातून आणखी दोन नळ्या फरशीवर पडल्या. पुढच्या दोन घरांसाठीची बाळं! इतकी किळस मला कधी कुजलेल्या जखमेचीही आली नाही.

बाबाला लोकांनी पोलिसांकडे नेलं. सासू पुटपुटली, "झालं ते झालं. चहा टाक आता."

थोरलीनं डोळे पुसले. "बोकडाचं हाड ओळखलं नाहीत, समजू शकते. नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलात, मला कसं ओळखलं नाहीत?"

ती माहेरी निघून गेली.

तेव्हा मंडळी, कुणी डोळे मिटा म्हणालं, तर ते आणखी उघडा. समोर आलेली वस्तू हातात घ्या, उलटीपालटी करा, जाणत्याला विचारा. आणि हे सगळं बाईला घराबाहेर काढायच्या आधी करा, नंतर नव्हे.