नेल्दाने वाचलेले आकडे

वाल्पाराइसोच्या चढावरल्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी आत जाण्याआधी एक कागद भरावा लागे. झोप उडते का, रडू येतं का, असे दहा प्रश्न; शेवटचा, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का. उत्तर शून्य ते चार, त्रास जास्त तितका आकडा मोठा. समुपदेशक हिमेना ते आकडे संगणकात घालायची आणि पडद्यावर रेघ उमटायची. रेघ सलग तीनदा लाल खुणेखाली राहिली की माणूस बरा झाला. त्याची वेळ रांगेतल्या दुसऱ्याला.

यास्नाची दोनदा राहिली होती. आज तिसरा मंगळवार.

खरं तर लेक मायते जन्मल्यापासून, म्हणजे सात महिने, ती धड झोपली नव्हती. पण बाकावर शेजारी सासू बसायची, नेल्दा. मांडीवर नात, नाकावर चष्मा. ती एकेक आकडा वाचायची. माझा मुलगा तिकडे उत्तरेला खाणीत राबतोय आणि इथे चार कशाला लिहितेस, म्हणायची. असले कागद बघून लोकांची पोरं काढून नेतात, हेही सांगायची. यास्ना शिकलेली होती, तिला ते पटत नव्हतं. तरी हात चारावरून दोनावर यायचा, मग एकावर. वाद घालायला अंगात त्राण कुठे होतं? शिवाय रेघ उतरली की हिमेनाचा चेहरा खुलायचा. निदान कुणीतरी खूश होतं.

आज मायतेने नेल्दाच्या लोकरी स्वेटरवर दूध ओकलं. कुरकुरत ती बाळासकट नळाकडे गेली.

यास्नाने भराभर लिहिलं. चार, चार, तीन, चार. शेवटच्या प्रश्नापाशी पेन अडलं. तिकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. तिने तीन लिहिलं आणि कागद घेऊन सरळ आत गेली.

पडद्यावरची रेघ उभी चढली. हिमेनाने पुन्हा आकडे तपासले.

"उलटं भरलंत का? शून्य म्हणजे अजिबात नाही."

"माहीत आहे. आधीचे खोटे होते. सासूबाई शेजारी बसून वाचतात."

टेबलावर यास्नाला मोकळं करण्याचा कागद सहीसाठी तयार होता. हिमेनाने तो खणात सारला. तीन महिन्यांची रेघ वाया गेली होती. तीही थकलेली दिसली. मग उठून तिने दारातूनच सांगितलं, यापुढे कागद आत भरायचा, एकटीने.

"मग मला कळायचं कसं?" बाहेरून नेल्दाने विचारलं.

हिमेनाने दार लावलं.

"शेवटच्या प्रश्नाला तीन लिहिलंय," ती खुर्ची जवळ ओढत म्हणाली. "तिथून सुरू करू या."