वीस फूट नजर

“गिऱ्हाईक त्यांच्या राज्यात बसलंय, मान्य,” पूर्वेचे तपासणी साहेब म्हणाले. “पण अक्षरांचा तक्ता आमच्या राज्यात टांगलाय. अक्षरांशिवाय डोळे तपासता येतात का?”

“नाही,” चष्मेवाले म्हणाले. साहेबांच्या नाकावरचा चष्मा त्यांनीच दिलेला होता, त्यामुळे खोटं बोलायला जागा नव्हती.

“मग गुन्हा आमच्याकडे घडतो.”

“मी पुढची ओळ वाचू का?” खुर्चीतल्या बाईंनी विचारलं. त्यांनी मघापासून एक डोळा झाकून ठेवला होता.

दोन राज्यांची हद्द चष्मेवाल्यांच्या दुकानामधून जात होती. मोजणी खात्याने फरशीवर पांढरा पट्टा मारून तशी खात्रीच करून दिली होती. पट्ट्याच्या पश्चिमेला नोंदणी असलेल्या चष्मेवाल्याला डोळे तपासायची मुभा होती, पूर्वेला ते काम फक्त डॉक्टरचं. फ्रेम मात्र दोन्हीकडे विकता यायच्या. म्हणून पूर्वेत फ्रेमचं कपाट आणि काकू, पश्चिमेत खुर्ची आणि चष्मेवाले, असा संसार एकतीस वर्षं चालला होता. तपासणीला वीस फूट लागतात आणि पश्चिम संपायची दहा फुटांत, म्हणून तक्ता तेवढा पूर्वेच्या भिंतीवर. पूर्वेची वीज गेली की पश्चिमेतलं गिऱ्हाईक तात्पुरतं आंधळं ठरायचं. बाकी तक्रार नव्हती.

“सात दिवसांत तक्ता हलवा,” साहेब म्हणाले, “नाहीतर मला सील ठोकावं लागेल. माझाही नाइलाज आहे हो. चष्मा मस्त झालाय, ते वेगळं.”

साहेब गेल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, दहा फुटांवर लावा की तक्ता. जीव जातोय का कुणाचा?”

“दहा फुटांवरून सगळ्यांनाच दिसतं. मग मी काय, प्रत्येकाचं अभिनंदन करत बसू?”

“दुकान बंद झाल्यावर माझं करा.”

चष्मेवाल्यांनी दोन दिवस जेवणावर राग काढला. चौथ्या दिवशी काकूंनी त्यांना केस कापायला पिटाळलं आणि वीस मिनिटांत ते पळत परत आले. डोक्याची डावी बाजू कापलेली, उजवी तशीच, गळ्यात न्हाव्याची चादर.

“अगं, त्याच्या आरशात माझ्या पाठीमागचं घड्याळ दिसतं! केवढं लांब! आरशापर्यंत जायचं अंतर वेगळं आणि परत यायचं वेगळं. दहा नि दहा वीस!”

“आधी ती चादर परत देऊन या.”

“आपल्या कपाटाचा आरसा काढ.”

“माझ्या भावानं दिलेल्या कपाटाला हात लावायचा नाही.”

“तुझ्या भावानं दिलेलं काहीतरी पहिल्यांदाच कामाला येतंय. तर तेही नको?”

काकूंनी स्वतः पाना आणला.

तक्ता खुर्चीच्या डोक्यावर येणार, म्हणजे आरशात अक्षरं सरळ दिसायला ती उलटी लिहायला हवीत. काकूंनी जुना तक्ता खिडकीच्या काचेवर पालथा धरला आणि नव्या कागदावर एकेक अक्षर उलटं गिरवलं. त्यानंतर दोन दिवस त्यांची किराण्याची यादीसुद्धा वाण्याला आरशात धरून वाचावी लागली.

सातव्या दिवशी साहेब सील, लाख आणि टेप घेऊन आले. आरसा पांढऱ्या पट्ट्याच्या बोटभर अलीकडे, पश्चिमेत उभा होता. साहेबांनी टेप लावून ते बोट मोजलं. मग खुर्चीत बसून समोर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“सापडलं! अक्षरं दहा फूट पलीकडे दिसतायत. म्हणजे आमच्याच हद्दीत!”

“दिसतायत खरी,” चष्मेवाले म्हणाले. “जा, जप्त करा.”

साहेब उठले, आरशाला वळसा घालून पूर्वेत गेले. तिथे काकू चहा पीत बसल्या होत्या.

“अक्षरं कुठायत?”

“आत्ता इथंच तर होती,” काकू म्हणाल्या. “चहा घेणार?”

साहेब पुन्हा खुर्चीत बसले; अक्षरं होती. पुन्हा पलीकडे गेले, चहा होता. तिसऱ्या फेरीला त्यांनी चहा घेतला आणि अहवालात लिहिलं: ‘आक्षेपार्ह वस्तू नजरेस पडली, हाती लागली नाही. प्रकरण बंद.’

दार लागताच चष्मेवाल्यांनी अर्ध्या केसांनिशी दुकानात एक गिरकी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

“ऐक. एकतीस वर्षं लोक वाचतायत, आज मी वाचतो!” वरच्या ओळी त्यांनी खणखणीत म्हटल्या. शेवटची तर एका दमात. “र, न, त, प, व!”

पट्ट्यापलीकडे काकूंनी कप खाली ठेवला.

“अहो, शेवटची ओळ काचेतून नीट उमटली नाही. तिथं मी माझ्या मनाची पाच अक्षरं घातलीत.”

चष्मेवाल्यांनी डोळे बारीक करून पुन्हा आरशात पाहिलं.

“कधीपासून पाठ म्हणताय?”

“बरीच वर्षं झाली.”

काकूंनी भिंगांची पेटी उचलली आणि पट्टा ओलांडला.

“तुला तपासायला दोन्ही राज्यांत बंदी आहे,” ते म्हणाले.

“तपासतंय कोण? मी नुसती भिंगं धरते. काय दिसायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

चष्मेवाल्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, लोकांना सांगत आले तशी हनुवटी वर उचलली आणि एक डोळा झाकला.

“पहिल्यापासून,” काकू म्हणाल्या. “सावकाश.”