बॉनेट काही उघडेना

सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की आमच्या गल्लीला शेवटच उरला नव्हता. दिव्याचा खांब अर्धाच होता, कुंपण मध्येच संपत होतं आणि आमची जुनी गाडी कुणीतरी ढगात आणून ठेवल्यासारखी उभी होती. गाडीत लेकीचं सगळं सामान भरलेलं: गादी, कुकर, पुस्तकांची खोकी. किती अर्ज केले, किती नकार पचवले, तेव्हा कुठे परक्या गावात नोकरी लागली होती. दुपारी हजर व्हायचं होतं. आणि बॅटरीने नेमकी आजच मान टाकली.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर जोडायची तर आधी बॉनेट उघडायला हवं. ते काही उघडेना. स्टिअरिंगखालचा खटका ओढला की नुसता खुट् आवाज यायचा, बॉनेट आपलं ढिम्म. लेकीने मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "पुढचं लॉक गंजून अडकलंय. एकाने बाहेरून बॉनेट जोरात दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्याने आतून खटका ओढून धरायचा. मग दाबणाऱ्याने हात सोडले की सुटतं. फक्त दोघांचं जमलं पाहिजे."

"म्हणजे या घरात कठीणच," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे स्टिअरिंगपाशी बसले. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर तिच्या इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी घेऊन. काचेपलीकडे लेक कमरेपासून वरच तेवढी दिसत होती. दोन्ही तळवे बॉनेटवर टेकून ती ओरडायची, "बाबा, ओढ!" गाडी किंचित खाली दबायची, वर यायची. पुन्हा "ओढ!" पुन्हा तेच संथ डुलणं. मला तर पेंग यायला लागली. वाटलं, ही गाडी कुठे जायची नाही, आपण तिघं असेच धुक्यात डुलत राहणार. आणि ते इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्या हाताकडे गेलं. हात खटक्यावर होता, पण नुसता ठेवलेला. लेकीने हाक दिली की हे तोंडाने "हं!" करायचे, खांदाही हलवायचे. बोटं मात्र जागची हलत नव्हती. काय हा नाटकी माणूस!

खोटं कशाला बोलू, मीही पुढच्या काही हाका तशाच जाऊ दिल्या.

शेवटी लेक खिडकीशी येऊन वाकली. तळवे लालबुंद झाले होते, केसांवर दव साठलं होतं. "नाही जमत ना? मग कळवून टाकते त्यांना. आज नाही पोचले तर दुसऱ्या कुणाला घेतील ते."

"मी ओढतोय गं," हे म्हणाले. "या खटक्यालाच ओढ राहिली नाही."

"परत एकदा करू," म्हणत ती पुढे गेली. रडू आवरत होती, चालण्यावरूनच कळलं मला.

"खटक्याला नसेल ओढ," मी हळूच म्हटलं. "तुम्हाला आहे. मलाही आहे. पण अहो, ती पोर तिथे किती वेळ दाबत उभी राहणार?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, ओढ!"

माझ्याआधी त्यांनीच ओढलं. बाहेर खळकन आवाज झाला आणि बॉनेट बोटभर वर आलं. लेकीने फटीत बोटं घालून आतली कडी सरकवली आणि ते वर केलं.

समोरची काच पत्र्याने भरून गेली. लेक दिसेनाशी झाली. पलीकडून तिचा आवाज तेवढा येत होता, "उघडलं! आई, बाबा, उघडलं!"

"हो गं, उघडलं," हे म्हणाले, आणि खटका काही सोडेनात.