सोनेरी शिक्का आणि ब्याण्णव किलो

मेरिदा शहरातल्या नेली आत्याच्या दुकानात एक्केचाळीस विणलेले झोपाळे, दोन पंखे आणि एक वेबसाइट होती. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे पत्त्याशेजारी दिसणारं ते छोटं कुलूप, महिन्याभरात संपणार होतं. प्रमाणपत्रं विकणारा विक्रेता म्हणाला, "इंटरनेटवर मिळतं ते फुकटचं लावलंत तर गिऱ्हाईक पळेल. आमचं विकतचं घ्या, सोबत सोनेरी शिक्का!" त्या पैशांत झोपाळे विणायची नवी चौकट आली असती.

"आत्या, दोन्ही कुलपं सारखीच मजबूत असतात," मी म्हणालो.

"रसायनशास्त्र शिकलास, आता कुलपंही कळायला लागली? फुकटचं ते फुकटचंच!"

शेवटी ठरलं, ज्यानं जास्त झोपाळे खपतील ते ठेवायचं. पहिला आठवडा फुकटचं प्रमाणपत्र लावलं, दुसरा आठवडा विक्रेत्यानं वापरून बघायला दिलेलं शिक्क्याचं. पण शिक्क्याबद्दल कुणीच विचारलं नाही. जो तो फोनवर म्हणे, "नेलीबाई, आधी तुम्ही स्वतः झोपून दाखवा!"

तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा फुकटचं प्रमाणपत्र लावलं आणि झोपाळ्यात घोरणाऱ्या आत्याचा फोटो वेबसाइटवर टाकला. खाली लिहिलं: वजन ब्याण्णव किलो, झोपाळा शाबूत.

"मेल्या, निदान नव्वद तरी लिहायचंस!" आत्या ओरडली.

पहिल्या आठवड्यात पाच झोपाळे खपले, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकोणीस.