कमरेवरचे डाग

सटवाजी औरंगाबादहून जीप करून आला तेव्हा ग्यानबा मेंढरं लिंबाखाली बसवून भाकरी सोडत होता. मागच्या बाकावर ग्यानबाची बायको भिवराबाई होती, तोंडासकट घोंगड्यात गुंडाळलेली. सांगायचं काही उरलंच नव्हतं. तरी सटवाजी तिचा भाऊ, तो बोललाच.

"दाजी, डाक्टरनं सुई टोचलीच न्हाई. औषिद तसंच पडून राहिलं. बाई मरायलीय अन् हे म्हणतेत, थांबा!"

ग्यानबानं भाकरी पुन्हा बांधली. थांबा का म्हणाले, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

वर्षापूर्वी भिवराबाईच्या छातीतली गाठ काढली होती. सलाईनमधून औषध चढवलं, केस गेले. जावा हसल्या तर म्हणायची, "मेंढराची कातरतेत, माजी बी कातरली." ती बरी झाली, मेंढरांच्या वाड्यावर भाकरी घेऊन येऊ लागली. पोळ्यानंतर मात्र डोकं दुखू लागलं, मग कंबर. कमरेला डाग घ्यायला सात गावची माणसं ग्यानबाकडे यायची. त्यानं विळा लाल केला आणि तिच्या मणक्यावर तीन डाग दिले.

"हळू जरा. मी काय मेंढी हाय का?" ती म्हणाली. पण हलली नाही.

डाग चिघळले. त्यातच नामांतराच्या बंदात एसट्या चार दिवस थांबल्या. दवाखान्यात पोचली तेव्हा तिला एकाचे दोन ग्यानबा दिसत होते.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, गाठीचा रोग मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरलाय. शिरेतून दिलेलं औषध तिथवर पोचत नाही. तेच पाणी मणक्यात असतं, कमरेतून सुई घालून त्यात औषध सोडायचं. कुपी आली. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, लुगडं सरकवलं आणि सुई हातात धरून तसेच उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

"गावाकडं करतेत," ग्यानबा म्हणाला.

"सुई इथंच घालायची असते. या पुवातून घातली तर पू थेट डोक्यात जाईल. कवटीला भोक पाडूनही देतात, पण ते मुंबईला. तेवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. जखम सुकेपर्यंत थांबा."

जखमेला पंधरा दिवस लागणार होते. बाहेर बसलेल्या सटवाजीला ग्यानबानं "डाक्टर थांबा म्हणतेत" एवढंच सांगितलं आणि त्याला तिच्यापाशी ठेवून तो मेंढरांकडे परतला. ती नऊ दिवस जगली.

तेराव्यानंतर शेजारची चांगुणाबाई कंबर धरून आली.

"भाऊजी, लय दुखायलंय. डाग द्या की."

"दवाखान्यात जा."

"दवाखान्यानं भिवराचं काय केलं, ते बघितलं की समद्यांनी!"

ग्यानबानं विळा उचलून वळचणीला खोचला. ती कुरकुरत गेली.

सटवाजी ताडकळसच्या बाजारात दर आठवड्याला त्या डॉक्टरला शिव्या देतो. माणसं माना हलवतात. ग्यानबा शेजारीच उभा असतो. आपल्या डागांमुळे सुई देता आली नाही, हे त्यानं सटवाजीला अजून सांगितलेलं नाही.